मोठीखारचा ‘ण’

धनेश घरत स्पीच थेरपिस्ट झाला तेव्हा तो नेमका काय झाला, हे मोठीखार गावाला बरेच दिवस कळलं नाही. उरणच्या अलीकडे, कंटेनर यार्डांच्या गराड्यात सापडलेलं हे आगरी गाव. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, पण गावाचा आवाज काही गेला नाही. तिथे दोन माणसं मासळीच्या भावावर बोलायला लागली की तिसऱ्याला भांडण सोडवायला जावंसं वाटतं. अशा गावात बोलायला शिकवणारा डॉक्टर कशाला, असा लोकांचा सरळ प्रश्न होता. गप्प करायचा डॉक्टर झाला असता तर दारात रांग लागली असती, असं माजी सरपंच नंदकुमार ठाकूर देवळापुढच्या कट्ट्यावर बोलून गेले, आणि ते वाक्य पुढे वर्षभर धनेशच्या मागे फिरलं.

कॉलेज मुंबईत. पहिल्याच महिन्यात सरांनी वर्गात प्रत्येकाला एक उतारा वाचायला लावला. धनेशनं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं आणि वर्ग हसला. हसणं दुष्टपणाचं नव्हतं. ज्यांना स्वतःचा ‘ण’ बसल्या जागी आईच्या मांडीवर मिळाला होता, त्यांचं ते निवांत हसणं होतं. धनेशनं त्या दिवशी आरसा विकत आणला. पुढचं वर्षभर तो सकाळ-संध्याकाळ जीभ टाळूकडे वळवून बाण, फणी, वेणी, लोणी असं घोकत बसायचा. त्याची आई गोजरा शेजारणीला सांगायची की पोरगा कसलातरी मंत्र शिकतोय, बहुतेक सरकारी नोकरीचा असेल. मंत्र सिद्ध झाला, पण जरा जास्तच. जिथे ‘ण’ नको तिथेही तो येऊन बसायला लागला. धनेश ‘जीवण’ म्हणायचा, ‘आणंद’ म्हणायचा. तोंडी परीक्षेत त्यानं आपल्याला या विषयाची मणापासून आवड असल्याचं सांगितलं तेव्हा परीक्षकांनी भुवई उंचावली, पण मार्क चांगले दिले. शेवटच्या वर्षापर्यंत त्यानं हा जादा माल छाटून टाकला आणि जीभ अशी चोख करून घेतली की रेडिओवाल्यानं शिकवणी लावावी.

नोकरी लागली वाशीत, गीतांजली मॅडमच्या ‘वाक्‌सेतू’ सेंटरमध्ये. एका बँकेच्या वरच्या मजल्यावर ते होतं. उशिरा बोलणारी, न बोलणारी, अडखळणारी मुलं तिथे यायची आणि त्यांच्या आया बाहेरच्या सोफ्यावर बसून आपलं मूल दुसरीच्या मुलाशी मनातल्या मनात ताडून बघायच्या. मॅडम स्वतः मात्र आता मुलांना क्वचितच बघायच्या. त्या थेरपिस्ट घडवायच्या. नुसती डिग्री घेऊन बाहेर पडलेला थेरपिस्ट म्हणजे चार्ज न केलेला मोबाइल, असं त्यांचं मत होतं. चार्जर कोण, हे त्यांना वेगळं सांगावं लागायचं नाही.

त्यांची दोन वर्षांची मेंटॉरशिप होती. मॅडम मेंटॉर, आणि हाताखालची नवी पोरं मेंटी. धनेशनं घरी येऊन अभिमानानं सांगितलं की माझी मेंटी म्हणून निवड झाली. यार्डात नोकरीला असलेले त्याचे वडील जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवून विचारलं, “मेंडी?” धनेशनं समजावून सांगितलं की मेंटी म्हणजे जो शिकतो तो, आणि आम्ही सहा जण आहोत. वडिलांनी थोडा विचार केला. “मंग हाकते कोन?” असं म्हणून ते पुन्हा जेवायला लागले.

मेंट्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्याचं नाव ‘रोपटी’. रोज सकाळी मॅडम त्यावर सुविचार टाकायच्या आणि रोपट्यांनी डोलून दाखवायचं. शनिवारी श्रवणसत्र असायचं. पेशंटचं ऐकून घेण्याची कला त्यात शिकवली जायची. मॅडम बोलायच्या, रोपटी ऐकायची. सई नावाची सीवूड्सची एक मुलगी धनेशच्या बरोबरीनं लागली होती. तिनं एकदा धीर करून विचारलं की माझ्याकडचा एक मुलगा सगळं समजतो पण शब्द काढत नाही, तर पुढे काय करू. मॅडमनी तिच्याकडे फार मायेनं बघितलं आणि विचारलं, की हा प्रश्न तुला त्या मुलाबद्दल पडलाय की स्वतःबद्दल? सईला उत्तर मिळालं नाही. ती घरी जाऊन रडली. रडणं ही वाढीची खूण असते, हे पुढच्या शनिवारी सगळ्यांना कळलं. तो मुलगा तोपर्यंत दुसऱ्या सेंटरला गेला होता.

दोन वर्षांत धनेश पुष्कळ शिकला. मॅडमच्या व्याख्यानाचा बॅनर कुठे लावला की फोटोत पंखा येत नाही, प्रोजेक्टर कुठल्या केबलला रुसतो, मॅडमच्या शोधनिबंधात मॅडमचं नाव कुठे आणि आपलं नाव कुठे नाही, हे सगळं त्याला पाठ झालं. तरी त्याची भक्ती कमी झाली नाही, आणि तिला कारण होतं. पहिल्या आठवड्यात मॅडमनी त्याला विचारलं होतं की तू कुठला? उरणकडचा, असं तो पुटपुटला. “खरंच? वाटत नाहीस,” मॅडम म्हणाल्या होत्या. ते दोन शब्द धनेशनं अत्तराच्या फायासारखे कानात ठेवले आणि त्यांच्या वासावर तो दोन वर्षं चालला.

घरी त्या वासाचा त्रास व्हायला लागला. तो आईचं बोलणं दुरुस्त करायचा. ‘पानी’ नाही गं, पाणी. ‘डोला’ नाही, डोळा. गोजरानं एकदा त्याच्यापुढे तांब्या आदळला. “तू पी आदी, मंग नाव ठेव,” ती म्हणाली.

मग मॅडमना एका परिषदेसाठी ग्रामीण प्रकल्प हवा झाला. बंदराकडच्या एका मालवाहतूक कंपनीला कुठल्यातरी गावाचं भलं करायचं होतं, कारण वर्ष संपत आलं होतं आणि भलं अजून झालं नव्हतं. दोघांची गाठ पडली. गाव कुठलं घ्यायचं असा प्रश्न निघाला तेव्हा धनेशनं हात वर केला. मॅडमना आपल्या गावात आणायचं, शाळेतल्या गुरुजींसमोर त्यांच्या शेजारी उभं राहायचं, या कल्पनेनं त्याला दोन रात्री झोप आली नाही.

गावच्या शाळेत भरवलेल्या शिबिराला मॅडमनी स्वतः तयार केलेली उच्चारचाचणी नेली. रंगीत चित्रांची कार्डं होती. मुलानं चित्र बघायचं आणि नाव सांगायचं. बाण, फणी, वेणी, वीणा, केळं, फळा, डोळा अशी ती चित्रं. ‘ण’ आणि ‘ळ’ हे मराठीचं खरं वैभव असल्याचं मॅडमचं लाडकं मत होतं आणि चाचणीत ते ओसंडून वाहत होतं.

पहिलं पोरगं बसलं. बाण बघून म्हणालं बान. फणीला फनी, केळ्याला केलं, फळ्याला फला. धनेशनं फुल्या मारल्या. दुसरं बसलं. बान, फनी, केलं, फला. तिसरीनं वीणा बघून विचारलं की ही कसली तुनतुनी, आणि तिथेही एक फुली पडली. दुपारपर्यंत मोठीखारच्या शाळेत वाचादोषाची साथ आल्यासारखं झालं. शंभरातली नव्वद पोरं आजारी, आणि साथीला न जुमानता सगळी मैदानावर घसा फोडून कबड्डी खेळत होती.

धनेशला काय चाललंय ते कळत नव्हतं असं नाही. बोली हा दोष नव्हे, हे तिसऱ्या वर्षाला शिकवतात. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि धनेशनं तो पानभर लिहिला होता. त्याच्या आजूबाजूला सगळं गाव ‘न’ म्हणतं, आजा-पणजा ‘न’ म्हणत मेले, तर पोरांनी ‘ण’ आणायचा कुठून? मधल्या सुट्टीत तो मॅडमकडे गेला. थोडं घुटमळून म्हणाला की मॅडम, ही मुलं चुकत नाहीत बहुतेक, इकडे असंच बोलतात.

मॅडम शहाळं पीत होत्या. त्यांनी स्ट्रॉ बाजूला केली. “धनेश, तू हे म्हणतोयस? तू स्वतः यातून बाहेर पडलास ना? तू आता यांच्यातला राहिला नाहीस, हेच तुझं यश आहे. मग यांना ते मिळू नये असं तुला का वाटतं?”

पानभर लिहिलेलं उत्तर धनेशच्या घशाशी आलं आणि तिथून परत गेलं. दुसरीकडे कानातला फाया एकदम ताजा झाला. तो परत येऊन फुल्या मारायला बसला.

शेवटाकडे सोनम नावाची मुलगी आली. आठेक वर्षांची. तिचे आईवडील अंबाजोगाईकडचे. वडील मारोती यार्डात ट्रकांना इशारे करायचे आणि मागच्या चाळीत राहायचे. सोनमनं बाणाला बाण म्हटलं. फणीला फणी, केळ्याला केळं, डोळ्याला डोळा. ‘ण’ असा ठणठणीत की धनेशनं मान वर करून बघितलं. मग त्याला बाकीचं दिसलं. प्रत्येक चित्रापुढे ती थांबत होती. पापण्या घट्ट मिटत होती, बाकाखाली अंगठा जमिनीत रोवत होती, आणि मगच शब्द सुटत होता. एका चित्रावर तिनं तोंड उघडलं, शब्द निघाला नाही, तर हुशारीनं दुसराच सोपा शब्द सांगून मोकळी झाली. मुलगी अडखळत होती आणि ते लपवायची विद्या तिनं एकटीनं शिकून घेतली होती. अख्ख्या शाळेत थेरपिस्टची खरी गरज असलेलं मूल बहुधा हे एकच. पण चाचणीत अडखळण्याला रकाना नव्हता, आणि उच्चार तर सगळे बरोबर. धनेशनं बरोबरच्या खुणा केल्या.

संध्याकाळी समारोपाला कंपनीचे साहेब आले. मॅडमना स्टेजवर एक निर्दोष मूल हवं होतं. कागदावर सोनम सगळ्यात पुढे. मॅडमनी तिला हात धरून वर नेलं, हे मूल अगदी निर्दोष असल्याचं जाहीर केलं, माइक तिच्या तोंडासमोर धरला आणि सांगितलं की बाळ, तुझं नाव सांग.

अडखळणाऱ्याला स्वतःचं नाव हा सगळ्यात जड शब्द. त्याला सोपा बदली शब्द नसतो. सोनमनं ओठ उघडले, ‘स’ दातांत अडकला आणि हनुवटी थरथरायला लागली. माइकमधून नुसता श्वास सगळ्या मैदानभर ऐकू जात होता. आधी एक पोरगं हसलं, मग सगळी हसली. ज्यांना दिवसभर फुल्या मिळाल्या होत्या त्यांनी हसायची ती संधी सोडली नाही. “लाजली बिचारी,” असं म्हणून मॅडमनी माइक आपल्याकडे घेतला आणि आत्मविश्वास या विषयावर त्या सुरेख बोलल्या. फाटकाजवळ यार्डाचं चमकणारं जाकीट घालून मारोती उभा होता. तो खाली बघत होता. धनेश बॅनरची दोरी धरून उभा होता, कारण वारा सुटला होता.

अहवालावर ‘परीक्षक’ म्हणून धनेशची सही घेण्यात आली. श्रेय वाटून घेतलं पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या. त्याचं नाव कागदावर पहिल्यांदाच इतकं ठळक आलं होतं. त्यानं त्याचा फोटो काढून घेतला. आठवड्याभरात एका स्थानिक पेपरात बातमी आली, की मोठीखारमध्ये शंभरातल्या नव्वद मुलांना वाचादोष.

गाव पहिला दिवस चिडलं. दुसऱ्या दिवशी विचारात पडलं. तिसऱ्या दिवशी नंदकुमार ठाकुरांनी कट्ट्यावर सभा घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरांना दोष असेल तर तो पोरांनी बाजारातून आणलेला नाही, आईबापाकडून घेतला. म्हणजे आईबापाला शंभर टक्के दोष. विमानतळ झाला, बंदर वाढलं, भरती निघतेय, आणि भरतीत अपंगांना राखीव जागा असतात. आजवर गावानं कागदाशिवाय काही गमावलेलं नव्हतं. “जमीन गेली तवा दाखला मिलाला,” ते म्हणाले. “मिठागर गेला तवा दाखला मिलाला. आता जीब गेली, तर तिचा पन दाखला मिलाला पायजे.” अख्खा कट्टा माना डोलवत होता. रोपट्यांना इतकं डोलणं कधी जमलं नव्हतं.

सोमवारी वाशीत बँकेसमोर दोन टेम्पो उभे राहिले. पांढऱ्या कपड्यांतले पुरुष, गळ्यात ठसठशीत सोनं घातलेल्या बाया, दोन-चार म्हातारे असा सगळा समुदाय जिना चढून वर आला. सोफा भरला, मग जिना भरला. रिसेप्शनवरच्या मुलीनं पुढच्या माणसाला विचारलं की प्रॉब्लेम काय आहे.

“आमाना तो ‘न’ येत नाय,” तो म्हणाला.

“कुठला न?”

“जो येत नाय, तोच.”

मुलगी आत गेली. मॅडमनी दार किलकिलं करून बाहेर बघितलं आणि लावून घेतलं. मग धनेशला आत बोलावून सांगितलं की ही तुझी माणसं आहेत, तू बघ. दोन वर्षं तो यांच्यातला नव्हता, आणि आता सोमवारी सकाळी तो पुन्हा यांच्यातला झाला. इतक्या पटकन कुठल्याच पेशंटमध्ये त्यानं फरक पडलेला पाहिला नव्हता.

तो बाहेर आला आणि आपल्या चोख मराठीत सांगायला लागला, की काका, हा दोष नाही, ही आपली बोली आहे, बोलीला दाखला मिळत नसतो, आणि दाखले सरकारी इस्पितळात मिळतात, इथे नाही. नंदकुमारांनी सगळं ऐकून घेतलं. मॅडमनी लिहून दिलं की तिकडे वजन पडेल, एवढंच आपलं मागणं आहे, असं ते अदबीनं म्हणाले. मग त्यांनी खिशातून अहवालाची झेरॉक्स काढून उलगडली.

“दोष नाय बोलतस. मंग कागदावरची ही सही कोनाची हाय?”

तेवढ्यात रांगेतून एक बाई पुढे आली. ती गोजरा होती. तीही टेम्पोत बसून आली होती, आणि घरातून निघताना तिनं पोराला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

“रोज बोलतस माजा चुकतंय,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि मोठीखारच्या माणसाचा आवाज चढलेला नसला की प्रकरण गंभीर असतं. “पान्याचा चुकतंय, डोल्याचा चुकतंय. मंग लिवून दे. तू शिकल्याला हायस.”

धनेशनं तोंड उघडलं. वाशीची भाषा काढावी तर समोर आई. गावची काढावी तर दारामागे मॅडम. दोन्हीकडून काहीच आलं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला त्याची दया आली. तिनं टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून विचारलं की सर, काय हवंय का? जिन्यापर्यंतची सगळी माणसं गप्प झाली. आता हा त्याला काय म्हणतो, हे त्यांना ऐकायचं होतं. धनेशनं पुढे होऊन ग्लास उचलला आणि प्यायला.

टेम्पो परत गेले, पण गोष्ट कंपनीपर्यंत गेली. मग मॅडमनी खुलासा काढला. एका प्रशिक्षणार्थीच्या सांस्कृतिक असंवेदनशीलतेमुळे स्थानिक बोलीबद्दल गैरसमज झाला, संस्था दिलगीर आहे, असा तो होता. आगरी माणसाच्या पोरावर आगरी बोलीचा अपमान केल्याचा ठपका आला. गंमत अशी की तो खोटाही नव्हता. धनेशला पंधरवडाभर आत्मचिंतनासाठी सुट्टी देण्यात आली आणि एक निबंध लिहून आणायला सांगितला, विषय ‘मी कुठे कमी पडलो’.

तो लिहायला बसला. बरंच लिहिलं. आपलं बालपण, आपला न्यूनगंड, आपली जीभ, आपली आई. वाचून बघितलं तर निबंध उत्तम उतरला होता. मॅडमना आवडला असता, कदाचित सत्रात वाचूनही दाखवला असता. मग त्याच्या लक्षात आलं की या सगळ्या लिखाणात सोनम कुठेच नाही. त्याला लाज वाटली. तीही आधी स्वतःबद्दलच वाटली, पण थोड्या वेळानं मुलीबद्दल वाटली.

दुसऱ्या दिवशी तो यार्डामागच्या चाळीत गेला. मारोती नुकता ड्यूटीवरून आला होता. सोनम कोपऱ्यात बसून दप्तराचा बंद चावत होती. शिबिरापासून ती शाळेत गेली नव्हती. पोटात दुखतं म्हणून सांगायची, आणि तेही हातानं दाखवून. मारोतीनं त्याला बसायला खुर्ची दिली, पण स्वतः उभाच राहिला. धनेश म्हणाला की मुलगी अडखळते, तिला मदत लागेल, मी दर रविवारी येऊन बसेन.

“त्या मॅडमनं स्टेजवर सगळ्यांदेखत सांगितलं, हेच एक लेकरू चांगलं आहे म्हणून,” मारोती म्हणाला. “आता तुम्ही कशाला बिघडवता?”

“ती अडखळते हे मला तपासतानाच दिसलं होतं.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

धनेश शब्द शोधत बसला, कानापर्यंत लाल झाला. सोनमनं बंद चावायचा थांबवला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. या माणसाचाही शब्द निघत नाही, हे तिला इंटरेस्टिंग वाटलं असावं.

रविवार सुरू झाले. पहिल्या काही रविवारी तर ते नुसते पत्ते खेळले. मग धनेश मुद्दाम अडखळून बोलायला लागला आणि आपल्यापेक्षा वाईट कोणीतरी अडखळतंय हे बघून सोनमला फार बरं वाटलं. ती त्याच्या चुका काढायची. सर, असं नाही अडकत, असं अडकतं, म्हणून करून दाखवायची. शब्द अडला की ढकलायचा नाही, लपवायचा नाही, हळूच सोडायचा, हे त्यातूनच चाललं होतं. धनेशला हे सगळं येत होतं असं समजू नये. अर्धं तो सईला फोन करून विचारायचा. ती तिच्या कॉलेजच्या एका जुन्या बाईंना विचारायची, आणि त्या बाई दोघांना रविवारी दुपारी फोनवर घेऊन आधी विचारायच्या, “मुलगी काय म्हणाली ते सांगा. तुमचं मत नंतर.” या प्रकाराला काही नाव नव्हतं आणि त्याचा ग्रुपही नव्हता.

निबंध धनेशनं दिलाच नाही, वाशीची नोकरी सुटली आणि ‘रोपटी’तूनही त्याला काढून टाकलं. तुला उपटलं यार, असं सईनं कळवलं. पुढच्या हिवाळ्यात तिचा पुन्हा फोन आला. परिषदेत मॅडमचा सत्कार झाला होता, विषय ‘बोलीभाषांचा सन्मान आणि थेरपिस्टची जबाबदारी’. मोठीखारचं उदाहरण देताना मॅडमचा कंठ दाटून आला. समुदायानं मला शिकवलं, असं त्या म्हणाल्या. टेम्पोंचा फोटोही त्यांनी दाखवला, वरून खिडकीतून काढलेला. सईनं विचारलं की तुला राग नाही येत का? धनेश म्हणाला येतो. मग म्हणाला की भाषण चांगलं असेल, आधीचंही चांगलंच होतं. सईनंही नंतर तिथली नोकरी सोडली, पण मेंटॉरशिपचं सर्टिफिकेट घेऊन सोडली. ती व्यवहारी मुलगी आहे.

धनेश आता पनवेलला एका ट्रस्टच्या इस्पितळात बसतो. अर्धांगवायूनं वाचा गेलेली माणसं त्याच्याकडे जास्त येतात. गावात त्याला ‘धणेश’ म्हणतात, आणि त्या एका शब्दापुरता सगळ्या मोठीखारला ‘ण’ स्वच्छ येतो. गोजरा त्याच्याशी आधीसारखी बोलते. तो दुरुस्त करत नाही. कधीतरी जिभेवर येतं, मग ओठ मिटून घेतो, आणि त्याचं तोंड आंबट झालेलं बघून ती मुद्दाम तोच शब्द आणखी दोनदा म्हणते.

मारोतीला तुर्भ्याला दुसरी नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिकडे गेलं. तरी रविवारी तो मुलीला घेऊन पनवेलला येतो. मध्यंतरी त्यानं एकदा सरळ विचारलं की हे पूर्ण जाईल ना? धनेशनं सांगितलं की कदाचित नाही जाणार, ती अडखळेल आणि अडखळत बोलेल. मारोतीला हे अजिबात आवडलं नाही. इतके रविवार घालवून हेच ऐकायचं होतं का, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. दोन रविवार ते आले नाहीत.

तिसऱ्या रविवारी आले ते तक्रार घेऊन. स्टेशनबाहेर रिक्षात बसले होते. रिक्षावाल्यानं मागे वळून कुठे म्हणून विचारलं. मारोती सांगायला गेला, तर पोरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग स्वतः सांगायला लागली, आणि इस्पितळाचं नाव मोठं. पहिल्याच अक्षरावर अडकली. मागून बस हॉर्न वाजवत होती, हवालदार काठी आपटत आला, रिक्षावाल्यानं वैतागून इंजिन बंद केलं.

“सगळा रस्ता तुंबला सर,” मारोती सांगत होता. “मी म्हटलं, सांगतो ना मी. तर ऐकायला तयार नाही.”

“मग?” धनेशनं विचारलं.

मारोती बोलणार होता, पण सोनमनं त्याचा शर्ट ओढला. ही गोष्ट तिची होती. ती खुर्चीत सरकून नीट बसली, तोंड उघडलं, आणि पहिला शब्द अडला. बाहेर पुढचा पेशंट खोकून आपण आल्याची जाणीव करून देत होता. धनेशनं दार लावून घेतलं.